बांधावरून घराकडे : लावणीला घर रिकामे, पडवीत पिलू एकटे



या सदरातून आपण राबाची भाजणी, भाताचे बियाणे, आंब्याचा मोहोर, गोठ्यातली गोचीड अशा विषयांवर बोलत असतो. आजचा विषय ऐकून कुणी हसेल. “साहेबांना आता कुत्र्याची पिले दिसू लागली काय?” असेही कुणी म्हणेल. म्हणू द्या. राखणदाराशिवाय आपल्याकडचे घर नाही आणि राखणदार काही आभाळातून पडत नाही, तो घडवावा लागतो.

सध्या माघ चालू आहे. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा, चुलीच्या राखेत नाहीतर पेंढ्याच्या आडोशाला दीड-दोन महिन्यांची पिले लोळताना दिसतील. याचे कारण साधे आहे. गावठी कुत्री बहुतेक भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, त्या वितात. पौष-माघात पिले घरोघर वाटली जातात. भात झोडून झालेले असते, कवळ तोडायचे आणि वाल-पावटा काढायचे काम असते आणि घरात कुणी ना कुणी असतेच. पिलाचे लाड होतात. मे महिन्यात मुंबईकर मंडळी येतात आणि घरात दहा-बारा माणसे होतात. पोरे पिलाला दिवसभर खाली ठेवत नाहीत.

मग मृग येतो. शाळा सुरू व्हायच्या म्हणून मुंबईकर परत जातात. आर्द्रा-पुनर्वसूत लावणीला तोंड फुटते. सकाळी आठाला घराला कडी लागते, ती संध्याकाळी सहालाच निघते. कालपर्यंत दहा माणसांत वाढलेले पिलू एका दिवसात एकटे पडते. त्याच्या दृष्टीने घर रिकामे झालेले नसते, तर सगळे जग त्याला टाकून गेलेले असते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राब पिवळा पडला म्हणून पाहायला गेलो होतो. रोपे पाहून झाली आणि चहाला घरी चला म्हणून आग्रह झाला. ओटीवर चढतो तो काय, दाराची चौकट खालून वीतभर कुरतडलेली. पडवीच्या खांबाला पाचेक महिन्यांचे पिलू आखूड दाव्याने बांधलेले. दाव्याने मान सोललेली आणि पिलाचा आवाज बसलेला.

घरातली आजी म्हणाली, “सायेब, ह्याला खूळ लागलंय. आम्ही बांध वलांडला की जे रडतंय ते परत येस्तोवर. दार खाल्लं, सुनेची वहाण खाल्ली. बांधलं तर गळा कापून घेतंय. शेजारी पण वैतागले. आता रविवारी पोरगा त्याला महाडच्या बाजारात सोडून येतो म्हणतोय.”

मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जाणारा. त्याचा राग समजण्यासारखा होता. रात्रपाळी करून यावे आणि दिवसा झोप लागू नये, असे चालले होते. पण माजघराच्या दारात चौथीतली नात उभी होती. ती काही बोलत नव्हती. डोळे पुसत होती आणि आपण पुसतो आहोत हे कुणाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करीत होती.

मी त्यांच्याकडे तीन आठवड्यांची मुदत मागितली. ती का मागितली, हे सांगायचे तर स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे.

नोकरीला नुकता लागलो होतो तेव्हाची गोष्ट. लग्न झालेले नव्हते. तालुक्याच्या गावी भाड्याची खोली होती. एका शेतकऱ्याने प्रेमाने पिलू दिले. मी सकाळी खोलीला कुलूप लावून फिरतीवर जायचो, तो संध्याकाळी यायचो. खोलीत घाण झालेली असे, उशी फाडलेली असे. मी छडी घेई. काही दिवसांनी असे झाले की मी कुलूप काढताच पिलू पोट घासत कोपऱ्यात जाई आणि तिथेच मुते. मला वाटे, बघा, केलेली चूक त्याला कळते आहे. ओळखीच्या पशुवैद्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “चूक नाही कळत हो त्याला. तुम्ही आलात की मार बसतो, एवढेच कळते. दिवसभर ते तुमची वाट पाहून घाबरते आणि संध्याकाळी तुम्हालाच पाहून घाबरते.” मी खोलीवर गेलो तो आजपासून छडीला हात लावायचा नाही असे ठरवून. पण त्याच दिवशी पिलू खिडकीतून निसटले होते. दोन दिवस शोधले, सापडले नाही. कुणाला दोष द्यावा असे त्यात दुसरे कुणी नव्हते.

मी शेतकीचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण तेव्हापासून हा विषय जाणकारांना विचारत आलो, वाचत आलो, आणि आमच्या घरी पुढे तीन कुत्री वाढली. त्यातून जे पक्के कळले तेच इथे देतो.

पिलू असे का करते?

कुत्रा हा कळपातला प्राणी. पिलू आईच्या आणि भावंडांच्या उबेत वाढते. एकटे पडलेले पिलू जगत नाही हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून एकटे पडले की ते ओरडते. वासरू गोठ्यात ठेवून गाय चरायला सोडली की वासरू हंबरते, त्याला आपण खूळ म्हणत नाही. पिलाचेही तेच आहे. ते सूड घेत नाही आणि मुद्दाम नुकसानही करीत नाही.

मात्र भीती आणि कंटाळा यांत फरक करायला शिका. माणसे निघताच, पहिल्या अर्ध्या तासातच ओरडा सुरू होतो, दाराची चौकट किंवा कडीजवळची जागाच कुरतडली जाते, पुढे भाकरी असून तोंड लावले जात नाही, लाळ गळते, तर ती भीती. पिलू दोन-तीन तास गप्प असते, मग वहाणा, टोपल्या, दोऱ्या फाडते आणि भाकरी मात्र चट्ट करते, तर तो कंटाळा. कंटाळ्याला काम द्यावे. भीतीला सवय द्यावी लागते. मार दोन्हींवर औषध नाही.

कलम जसे उन्हाला लावतो तसे

आंब्याचे कलम सावलीत वाढवलेले असते. ते आणून एकदम भर उन्हात लावले तर करपते. म्हणून आपण ते आधी थोडा वेळ उन्हात ठेवतो, मग जास्त, आणि कणखर झाले की लावतो. पिलाला एकटेपणाची सवय अगदी अशीच लावायची. आज माघ आहे आणि लावणीला चार-साडेचार महिने अवकाश आहे. सुरुवात आताच करा.

पहिली गोष्ट जागेची. आणलेल्या दिवसापासून पडवीचा किंवा ओटीचा एक कोपरा पिलाचा ठरवा. खाली गोणपाट आणि त्यावर घरातल्या माणसाने वापरलेले, न धुतलेले जुने लुगडे नाहीतर सदरा टाका. माणसाच्या वासाने पिलाला धीर येतो. पहिले आठ-दहा दिवस रात्री त्याला गोठ्यात एकटे टाकू नका, माणसांच्या जवळ निजू द्या. यामुळे ते लाडावते हा गैरसमज आहे. ज्याला आधी आधार मिळाला, तेच पुढे एकटे राहू शकते.

दुसरी गोष्ट दाराची. पिलू पोट भरून, बाहेर फिरून, मुतून आलेले असताना त्याला कोपऱ्यात बसवा आणि माजघरात जाऊन दार ओढून घ्या. दहा आकडे मोजा आणि ते रडायच्या आत परत या. काही बोलू नका, आपल्या कामाला लागा. असे दिवसातून चार-पाच वेळा करा. मग वेळ एक मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे असा वाढवा. मधूनच पुन्हा एक मिनिटावर या, म्हणजे दर वेळी जास्तच वेळ जातो असे त्याला वाटत नाही. पिलू रडलेच तर समजा की आपण घाई केली. दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर या. पहिला अर्धा तास सर्वांत अवघड असतो. तेवढा निभावला की पुढे वेळ भराभर वाढवता येतो.

तिसरी गोष्ट कोयत्याची. रशियात पाव्हलॉव नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले की अन्नाआधी ठराविक इशारा नेहमी दिला की पुढे नुसत्या इशाऱ्यानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपल्या घरीही असे इशारे असतातच. कोयता कमरेला लागला, डब्याचे झाकण वाजले, पूर्वी इरले आणि आता प्लॅस्टिकची खोळ खुंटीवरून निघाली, की पिलू ओळखते, आता ही माणसे चालली. तिथूनच त्याचा जीव वरखाली होऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यातच असे करा : खोळ अंगावर घ्या आणि चुलीजवळ जाऊन बसा. कोयता उचला आणि पुन्हा ठेवा. दाराची कडी वाजवा आणि जाऊ नका. आठ-पंधरा दिवसांत त्या आवाजांतली भीती निघून जाते. शेजारी हसतील, त्यांना हसू द्या.

चौथी गोष्ट निरोपाची. जाताना “येतो हां बाळा, रडू नको हां” असे गोंजारत बसू नका. आल्यावरही उड्या मारणाऱ्या पिलाला लगेच उचलू नका. हातपाय धुवा, पाणी प्या, ते शांत झाले की मग जवळ घ्या. आपले जाणे-येणे ही फार मोठी गोष्ट नाही, हे त्याला आपल्या वागण्यातून कळते. मुलांना हे समजावून सांगा, कारण ही चूक मुलेच जास्त करतात. मे महिन्यात मुंबईहून पाहुणे येतील तेव्हाही रोज दुपारी तासभर पिलाला त्याच्या कोपऱ्यात एकटे राहू द्या. सवय मोडली तर जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पाचवी गोष्ट कामाची. निघण्याआधी पिलाला विहिरीपर्यंत किंवा पऱ्ह्यापर्यंत फिरवून आणा. दमलेले पिलू झोपते. निघताना भाकरीचे बारीक तुकडे पडवीभर विखरून टाका, म्हणजे ते नाकाने शोधत बसेल. करवंटीच्या आत घट्ट शिजवलेली नाचणी सारवून द्या, ती चाटण्यात बराच वेळ जातो. करवंटीला तडा गेला की ती काढून घ्या. शिजवलेली हाडे मात्र देऊ नका. त्यांच्या अणकुचीदार फाकी होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. पाण्याचे भांडे जड दगडी ठेवा, म्हणजे उलटणार नाही.

किती वेळ?

पिलू जितक्या महिन्यांचे, साधारण तितकेच तास ते लघवी धरू शकते. तीन महिन्यांच्या पिलाला आठ तास कोंडून घरात घाण केली म्हणून मारणे हा अन्याय आहे. लावणीच्या दिवसांत दुपारची भाकरी न्यायला कुणीतरी घरी येतेच. त्याने पाच मिनिटे पिलाला बाहेर काढावे. एकमेकांच्या लावणीला आपण जातोच. तशीच पाळी यातही लावता येते, आज तुमच्या आजीने आमचे पिलू पाहावे, उद्या आमच्या आबांनी तुमचे. शेत जवळ असेल तर पिलाला बांधावर झाडाखाली नेले तरी उत्तम. फक्त राबात शिरणार नाही आणि वाहत्या पऱ्ह्याजवळ जाणार नाही, इतके पाहा.

बांधायचे तर कसे?

फासाची गाठ गळ्यात कधीही घालू नका. रुंद पट्टा वापरा. पट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिलू वाढते आणि पट्टा वाढत नाही, म्हणून दर आठवड्याला तो तपासा. दावे इतके लांब हवे की पिलाला सावलीत, उन्हात आणि पाण्यापाशी जाता येईल. पण पडवीच्या कठड्याजवळ बांधू नका. पिलू पलीकडे उडी मारते आणि फास लागतो. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपल्या देशात १९६० चा कायदा आहे. कुत्र्याला अति आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा आहे.

रात्रीचे तर बांधूच नका, आत घ्या. आपला मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला आहे. रानाकडेच्या वाडीत बिबट्या येतो, आणि बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेले ताट. मोकळा कुत्रा पळेल तरी, बांधलेल्याला तेही जमत नाही. शिवाय त्या चवीने बिबट्या घरापाशी यायला शिकतो. घरात लहान मुले आहेत हे विसरू नका.

आणि पावसाळ्याची गोष्ट. २२ जुलै २०२१ हा दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. सावित्रीला पूर आला, महाड बुडाले. तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच घाला आला. अशा वेळी माणसे आधी, यात वाद नाही. पण घर सोडायची वेळ आली तर जाता जाता गुरांची दावी आणि कुत्र्याचा पट्टा सोडायला काही क्षण पुरतात. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी पिलाला कुलपाआड किंवा दाव्याला ठेवून लांब जाऊ नका. कडीची किल्ली शेजारी ठेवा.

घर मोकळे सोडण्याआधी

शेतकीचा माणूस म्हणून एक ताकीद देतो. उंदरांसाठी आणलेले झिंक फॉस्फाईड, कीटकनाशकाच्या बाटल्या, औषध चोळलेले बियाणे हे सारे कुलपात ठेवा. कंटाळलेले पिलू पुडी फाडतेच. उंदरांचे आमिष पीठ-तेलात कालवलेले असते, म्हणून ते त्याला गोडच लागते. हे जसे पिलाला लागू, तसे रांगत्या मुलालाही. पडवीत लाकडे, कवळ, पेंढा यांचा ढीग असेल तर पिलाचा कोपरा त्यापासून दूर ठेवा, कारण फुरसे आणि घोणस तिथेच दडतात.

लस विसरू नका. पिलू दीड-दोन महिन्यांचे झाले की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, जंताचे औषध द्या आणि तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लसी टोचून घ्या. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यावी, आणि पुढची मात्रा व दर वर्षीची फेरी चुकवू नये. घाबरलेले पिलू हात लावताच चावू शकते. कुणाला कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

आणि त्या वाडीतले पिलू?

आधी त्याचे आखूड दावे सोडवले. मानेच्या जखमेला दवाखान्यातून औषध आणले. लावणी ऐन भरात होती, सावकाश सवय लावायला कुणालाच सवड नव्हती. म्हणून सोपा मार्ग काढला. आजी आठवडाभर चिखलात उतरली नाही, घरीच राहून दाराचा खेळ तिने केला. शाळेतून आल्यावर नात तोच खेळ करी. मिनिटे ती वहीत मांडून ठेवी. पहिले चार दिवस दोन मिनिटांच्या पुढे गाडी सरकली नाही. मुलगा म्हणाला, “साहेब, हे काही व्हायचं नाही.” मी त्याला एवढेच म्हणालो, “तुम्ही कारखान्यात पहिल्या दिवशी एकट्याने यंत्र चालवलंत का?” तो हसला. पण रविवारी तो बाजारात गेला तो पिलाला न घेता, हे मला नंतर नातीने सांगितले.

तीन आठवडे पुरले नाहीत, खोटे कशाला सांगू? सहा आठवडे लागले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पिलू तीन तास शांत राहू लागले. दिवाळीत भात कापणीला घर दिवसभर रिकामे होते, तेव्हा ते ओटीवर पाय पसरून निजलेले मी स्वतः पाहिले. वीज कडाडली की अजून रडते, तेवढे राहिले आहे. चौकट मात्र तशीच कुरतडलेली आहे. सुताराला बोलवा म्हटले तर आजी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. आमाला बी ध्यान ऱ्हातं.”

भगिनींनो, हे काम बहुतेक तुमच्याच अंगावर येणार हे मला ठाऊक आहे. घरातल्या पुरुष मंडळींनी नुसते “कुत्रा पाहिजे” म्हणून मोकळे होऊ नये. दिवसातून दोनदा दार ओढून दहा आकडे मोजायला त्यांना काही जड नाही. आणि ज्यांच्या घरी पावसाळ्यात खरेच कुणी नसते, त्यांनी यंदा पिलू आणूच नये. आणून टाकण्यापेक्षा न आणणे बरे.

पुढच्या अंकात राबाच्या भाजणीला पर्याय काय, यावर बोलू. तोवर पिलाला दाराआड दहा आकडे मोजून पाहा.